गच्चीचे वीस मेंबर

आधी कपातला चहा संपवा, मग सांगते. मागच्या वेळी हा किस्सा ऐकताना माझ्या नणंदेच्या नाकातून चहा आला आणि वर दोष मलाच मिळाला. आणि हो, ऐकून झाल्यावर 'तुला कळलं कसं नाही गं?' असं विचारायचं नाही. तो प्रश्न मी स्वतःला भरपूर वेळा विचारून झालाय.

तेव्हा पनवेलमध्ये एका पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत आमचं ऑफिस होतं. आमचं म्हणजे माझं आणि शकीलचं. शकील माझा पार्टनर, वयानं लहान, मला ताई म्हणायचा. आम्ही हाउसिंग सोसायट्यांसाठी एक सॉफ्टवेअर तयार केलं होतं. नोटिसा, तक्रारी, पार्किंग, मीटिंगमध्ये कोण काय बोललं, सगळं मराठीत. नाव ठेवलं 'गच्ची'. सोसायटीतली निम्मी भांडणं तिथूनच तर सुरू होतात.

गच्ची ओपन सोर्स होती. म्हणजे कोणीही फुकट घ्यावी, आतला कोड उघडून बघावा, हवी तशी बदलावी आणि वाटावी. मग तुम्ही खाणार काय? हाच प्रश्न माझ्या सासूबाई रोज भाजी निवडताना विचारायच्या. त्याचं उत्तर असं की गच्ची फुकट, पण वापरताना अडलं तर हाताशी माणूस हवा असेल, तर वर्षाची फी भरून मेंबर व्हायचं. मेंबरला आमचा सपोर्ट. परदेशात म्हणे यावर मोठमोठ्या कंपन्या चालतात.

पनवेलमध्ये गच्ची पुष्कळांनी घेतली. मेंबर झाले तीन. त्यातली एक माझ्या भावाची सोसायटी.

एक दिवस शकील खुर्ची ओढून समोर बसला.

"ताई, मामूंचा दोह्याहून फोन होता. व्हिसा निघतोय. या महिन्यात हो की नाही सांगायचंय."

"आणि गच्ची?"

"वीस मेंबर झाले तर राहतो. नाही तर कसं करू? अम्मी पण मागे लागलीय."

गच्चीचा अर्धा कोड शकीलच्या डोक्यात होता आणि उरलेला अर्धा मला कळत नव्हता. तो गेला की आमचं शटर खाली, हे उघड होतं.

"वीस काय, चाळीस आणते!" मी म्हटलं.

शकीलनं जाहिरातीच्या पत्रकाचा मजकूर लिहून दिला. एकदम शुद्ध. 'मुक्तस्रोत आज्ञावली', 'सशुल्क सभासदत्व', 'तांत्रिक साहाय्य'. मी खो खो हसले. "शकील, हे वाचून लोक पळतील. लोकांशी लोकांच्या भाषेत बोलावं." आणि लाल पेन घेऊन सगळं खोडलं. मुक्तस्रोत काढून ओपन, सभासद काढून मेंबर, साहाय्य काढून सपोर्ट. आज्ञावली तर उडवूनच टाकली. प्रेसवाला म्हणाला, फोटोशिवाय कोणी वाचत नाही. म्हणून फोटो काढला. तो म्हणाला, "ताई, हात जोडा, चांगलं दिसतं." मी जोडले.

आता एक बारीकशी गोष्ट सांगायची राहिली. त्याच महिन्यात आमच्याकडे नगरपालिकेची निवडणूक होती आणि आमचा वॉर्ड सोडतीत ओपन लेडीजला, म्हणजे खुल्या गटातल्या बायकांना, सुटला होता. हे मला माहीत नव्हतं का? होतं की! पेपरात वाचलं होतं. वाचून पान उलटलं आणि शब्दकोडं सोडवायला घेतलं.

वॉर्डातल्या सगळ्यात मोठ्या सोसायटीचे चेअरमन म्हणजे पाटीलकाका, मूळचे उलव्याकडचे. पत्रक वाचून त्यांनी आपणहून फोन केला आणि आजूबाजूच्या सोसायट्यांचे सेक्रेटरी हॉलमध्ये गोळा केले. एवढा उत्साह! मला भरूनच आलं.

"आपलं सगळं ओपन आहे," मी सुरुवात केली.

"ओपनच हाय ना? नक्की?" पाटीलकाकांनी विचारलं.

"शंभर टक्के. आम्ही दुसऱ्या कशात पडतच नाही."

"आन् पार्टी कुठली?"

मला वाटलं, कंपनी विचारतायत. "कुठलीच नाही, काका. मी आणि शकील. स्वतःच्या जिवावर."

"अपक्ष," मागून कोणीतरी पुटपुटलं. मला ते 'अच्छा' असं ऐकू आलं.

"मेंबर होणं महत्त्वाचं," मी पुढे म्हटलं. "एकदा मेंबर झालं की बघा! कधीही फोन करा, आम्ही हजर."

"सगळे असंच बोलतात," एक सेक्रेटरी म्हणाले.

"आन् फॉर्म?" पाटीलकाका म्हणाले. "शेवटची तारीख जवळ आली हाय, ताई."

मी चाट पडले. शकीलच्या व्हिशाची तारीख यांना कशी कळली? पण पनवेल शेवटी गावच आहे, पोचली असेल बातमी. मी फॉर्मचा गठ्ठा वाटला आणि हात जोडले. पुन्हा!

आठवडाभरात एकतीस फॉर्म भरून आले. 'तुमच्या अडचणी' या रकान्यात लोकांनी मनापासून लिहिलं होतं. 'कोपऱ्यावर दिवा नाही.' 'कुत्री फार.' 'स्पीडब्रेकर पाहिजे.' एकानं लिहिलं होतं, 'मुलाला नोकरी.'

"शकील, आपलं तक्रारींचं पान लहान पडतंय बघ," मी म्हटलं. "लोक नुसतं लिहितायत, लिहितायत!"

"आणि फीच्या पुढे 'निकालानंतर बघू' लिहिलंय, ताई. सगळ्यांनी."

"बरोबरच आहे. आधी निकाल बघणार, मग पैसे देणार. चोखंदळ गिऱ्हाईक आहे!"

शकीलनं सगळे फॉर्म पुन्हा एकदा चाळले. मग माझ्याकडे बघितलं. "ताई, तुम्ही खरंच हे करताय?"

"मग? मस्करी वाटली तुला?"

त्यानं तिथल्या तिथे मामूंना फोन लावला आणि दोह्याला नाही म्हणून सांगितलं. व्हिसा त्याच्या चुलतभावाला गेला. मला रडूच आलं. इतका विश्वास सख्ख्या भावानंसुद्धा टाकला नव्हता माझ्यावर.

दोन दिवसांनी ऑफिसात एक पांढऱ्या शर्टातले गृहस्थ आले. वॉर्डाच्या विद्यमान मेंबरबाईंचे, म्हणजे नगरसेविकेचे, मिस्टर. आमच्याकडे मेंबर बाई असली की बोलायला मिस्टर येतात.

"ताई, मागे घ्या," ते म्हणाले.

"मागे कसं घेणार? एकदा लोकांना दिलं की दिलं. ओपनचं तत्त्वच आहे ते."

"आमचं नुकसान होतंय हो."

कसलं नुकसान, ते मी विचारलंच नाही. ओपन सोर्सचा विषय निघाला की मी कोणाचं ऐकत नाही, हा माझा जुना दोष. "मग तुम्हीही घ्या की! माझं नाव काढा, मिसेसचं टाका आणि चालवा. मला आनंदच आहे."

त्यांनी रुमालानं कपाळ पुसलं. "तुम्ही फार पोचलेल्या दिसता," एवढं म्हणाले आणि चहा अर्धा टाकून गेले. मी तो शेरा कौतुक समजून घरी जाऊन सांगितला.

आणि मग तो दिवस उजाडला. अकराच्या सुमारास खाली ढोल वाजायला लागले. जिना चढून पाटीलकाका वर आले, हातात हा एवढा झेंडूचा हार. मागे सगळे सेक्रेटरी.

"चला ताई, तीनच्या आत भरायला पायजे फॉर्म."

"कसला फॉर्म?"

"कसला काय? मेंबरकीचा! नगरपालिकेच्या!"

ओपन. मेंबर. सपोर्ट. फॉर्म. निकाल. 'मागे घ्या.' सगळं एकदम डोक्यात शिरलं.

"काका," मी कसंबसं म्हटलं, "मी उभी नाहीये."

"मंग बसा की दोन मिनिटं. पन लवकर."

"तसं नाही हो! मी निवडणुकीला उभी नाहीये! मी कॉम्प्युटरच्या गच्चीचे मेंबर शोधत होते!"

खाली कोणीतरी ढोल थांबवला. शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. एकतीसच्या एकतीस फॉर्म कचऱ्यात, आणि माझ्या भरवशावर शकीलनं हातातलं सोडलेलं! मी त्याच्याकडे बघूच शकले नाही.

"मंग ह्यो सपोर्ट म्हंजे काय?" पाटीलकाकांनी हार टेबलावर ठेवत विचारलं.

"तुम्ही वर्षाची फी भरायची. गच्ची अडली की फोन करायचा. आम्ही उचलणार."

"उचलणार?"

"हो."

"फोन? सवताच्या हातानं?"

"हो काका. मी नाही तर शकील."

पाटीलकाकांनी मागे वळून सगळ्यांकडे बघितलं. "निवडून दिलेला मेंबर फुकट हाय, पन फोन उचलत नाय. ही बाई उचलते बोलतेय. द्यायला काय हरकत नाय." मग जरा खाली आवाजात म्हणाले, "आन् ढोल सांगितलाय. रिकामं परत जायला लाज वाटते."

आणि तुम्हाला खोटं वाटेल, पण त्याच टेबलावर, त्या हाराच्या बाजूला, एकेकानं फी भरली. वीसच्या वर मेंबर झाले! सॉफ्टवेअरवर खूश होऊन एकही नाही, पण झाले.

सगळे गेल्यावर माझा जीव भांड्यात पडला. मग अंगात थोडा रुबाबही आला.

"बघ शकील," मी म्हटलं, "माझ्यावर विश्वास ठेवून दोह्याला नाही म्हणालास, ते वाया नाही गेलं."

तो कीबोर्डवरची धूळ पुसत होता. "ताई, रागावणार नसाल तर एक सांगू?"

"सांग की."

"मोहल्ल्यात सगळे बोलत होते, तुम्ही उभ्या राहताय म्हणून. अम्मीनं तुमच्यासाठी दुआ पण मागितली. म्हणून मी नाही म्हणालो मामूंना. म्हटलं, ताई मेंबर झाल्या तर इथेच काहीतरी होईल आपलं."

"अरे, पण तुला तर माहीत होतं ना, आपला ओपन कुठला नि आपला मेंबर कुठला! तू कसा फसलास?"

शकीलनं धुळीचं फडकं घडी करून ठेवलं.

"मला वाटलं, वीस मेंबर काही तुमच्याच्यानं जमत नाहीत, म्हणून तुम्ही स्वतःच मेंबर व्हायला निघालात."