घर उतरवणाऱ्यांचं जेवण

दुआंगतामावशीच्या जिभेला हाड नव्हतं, पण हाताला चव होती. नवरा गेल्यावर तिने भाताची दारू गाळून दोन मुली वाढवल्या, त्यांची लग्नं केली. गावातलं एकही शुभकार्य, गाव राखणाऱ्या भुताचा एकही नैवेद्य तिच्या मडक्याशिवाय पार पडत नसे. मग धाकटीच्या आजारपणात सवानखेत शहराच्या बाजारात कुणीतरी तिला येशूबद्दल सांगितलं. मावशीने भट्टी मोडली, भुताच्या नावाने बांधलेले मनगटावरचे दोरे सोडले आणि दर रविवारी दोन शेजारणींना घेऊन घरात गाणी म्हणायला लागली.

केवढं हे पाप! भिक्खूंना त्याचं काही वाटलं नाही. तिने भिक्षा वाढली नाही तरी ते शांतपणे पुढे जात. भडकला तो गावप्रमुख सिथोन. पार्टीचा माणूस, देव-धर्म काही न मानणारा, दारावर विळा-हातोड्याचा झेंडा. तो तिच्या खांबांवरच्या घराच्या शिडीखाली उभा राहून म्हणाला, "मावशी, गावाचं भूत चिडलंय तुझ्यावर. म्हशी मेल्या त्या तुझ्यामुळे."

"तू भूत मानतोस होय रे?"

"मी कशाला मानू? पार्टी मानू देत नाही. पण ते चिडलंय हे खरंय. एक कोंबडी काप, दोरा बांधून घे, येशूला सोड. नाहीतर घर उतरवून गावाबाहेर व्हायचं."

"आणि दारू?"

सिथोन घुटमळला. "गाळलीस तर बरंच."

तिघींच्या गाण्याला 'बेकायदा सभा' असं भारदस्त नाव मिळालं. दोघी शेजारणींनी मुकाट्याने दोरे बांधून घेतले. मावशी हटली नाही.

ठरल्या दिवशी सगळा गाव कोयते-दोऱ्या घेऊन जमला, मीही. जिल्ह्याचा साहेब बंदोबस्ताला आला. आमच्याकडे घर उभारायचं असो की उतरवायचं, सगळा गाव येतो आणि घरधनी त्यांना जेवू घालतो. ही रीत हाकलून दिलेल्या माणसालाही लागू आहे का, हा विचार आमच्यापैकी कुणीच केला नव्हता. मावशीने केला होता.

भिंती निघाल्यावर तिने अंगणात चटया टाकल्या. "चला रे, हात धुवा. माझ्या खांबाला हात लावून कुणी उपाशी जायचं नाही." चिकट भाताच्या टोपल्या, बांबूच्या कोंबांचं कालवण, भाजलेल्या मिरच्यांची चटणी. वासाने आमची क्रांती जागीच बसली, साहेबांसकट.

आता घरधनिणीने पहिला घास घेतल्याशिवाय टोपलीत हात घालायचा नसतो. मावशीने हात जोडले, डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात सुरू केलं, "बापा, हे सगळे माझ्या घरी जेवायला आलेत. यांच्या भाताला बरकत दे. साहेबांना सुखरूप घरी पोचव. सिथोनचा गुडघा बरा कर, त्याला अजून छपरावर चढायचंय."

आमच्या जिल्ह्यात एवढी मोठी बेकायदा सभा आजवर भरली नसेल. साहेबांचा हात टोपलीपाशी अडकून पडला होता. कुणी उठेना. मला रडू येत होतं आणि भूकही लागली होती.

"आमेन," म्हणून मावशीने घास घेतला. आम्ही पोटभर जेवलो. सिथोनने चटणी दोनदा मागून घेतली.

मग तो पत्रे काढायला वर चढला. मावशीने खालून शिडी धरली.