इझोबेल मावशींनी दिलेली गोष्ट

इझोबेल मावशी गुरुवारी गेल्या. त्यांना ऐकवायची गोष्ट माझ्या वहीतच राहिली.

मी २००६ साली प्रोजेक्टवर अमेरिकेत, टेक्सासमधल्या प्लेनोत आलो. पत्नी आणि मुलगी पुण्यात. शुक्रवारी ऑफिसातून निघालो, की सोमवार सकाळपर्यंत माझ्याशी समोरासमोर कोणी बोलत नसे.

म्हणून शनिवारी दुपारी लायब्ररीत जाऊ लागलो. तिथे ऐंशीच्या घरातल्या एक स्कॉटिश बाई पाच-सहा जणांना आजीकडून ऐकलेल्या गोष्टी सांगत.

पुस्तक नाही. कागद नाही.

मी त्यांना मावशी म्हणू लागलो. अर्थ कळल्यावर त्या मला 'लॅड' म्हणू लागल्या, म्हणजे पोरा. मी चोपन्न वर्षांचा होतो.

त्यांच्या घरचा रिवाज असा: गोष्ट कोणाकडून मिळाली, ते आधी सांगायचे. आणि तीनदा ऐकली, की चौथ्यांदा ऐकणाऱ्याने सांगायची.

माझ्या वाट्याला सीलची गोष्ट आली. समुद्रातली सील कातडे उतरवून बाई होते. एक कोळी ते कातडे लपवतो आणि तिच्याशी लग्न करतो. काही वर्षांनी ते तिला सापडते. ती मुलांना जवळ घेते आणि समुद्रात परत जाते.

मी हरकत घेतली.

"मावशी, मागच्या वेळी ती सात वर्षे राहिली होती. आज नऊ?"

"आज तिचा पाय निघत नव्हता, लॅड."

मी दोन्ही आकडे लिहून घेतले.

पुढे दर शनिवारी त्या विचारत, "आज तुझी?"

"नेक्स्ट वीक. नोट्स फायनल झालेल्या नाहीत."

दोन वर्षे माझे हेच उत्तर.

मागच्या शनिवारी त्या ऑक्सिजन लावून आल्या. "आज सांग. मला ऐकायची आहे."

"वही अपार्टमेंटवर राहिली, मावशी."

त्या हसल्या. "ती समुद्रात वही घेऊन गेली होती का रे?"

तरीही मी सांगितली नाही.

आज वही मुद्दाम घरी ठेवून गेलो. त्यांची खुर्ची कोणी हलवली नव्हती.

मी उभा राहिलो. "ही गोष्ट मला इझोबेल मावशींनी दिली. त्यांना त्यांच्या आजीने."

ती किती वर्षे राहिली म्हणालो, सात की नऊ, आठवत नाही. तिथे हरकत घेणारा मी एकटाच होतो. आज मीही घेतली नाही.

परत आलो तेव्हा पुण्यात मध्यरात्र उलटून गेली होती. फोन कोणाला करणार? म्हणून इथे लिहितो आहे.

मावशी, गोष्ट पुढे दिली. उशीर झाला, क्षमा असावी.

आता निघा. इकडे पाय अडकवू नका.