दोनदा कळवणारे काका

बिघडलेल्या वस्तू दुरुस्त करणारे या देशात गल्लोगल्ली सापडतात, पण काहीतरी बिघडलं आहे हे कळवण्यासाठीच ज्याचा जन्म झाला असा माणूस मी एकच पाहिला: माझ्या घरमालकाचे वडील. अमेरिकेत, हर्नडन शहराच्या अलीकडे एका लहान गावात त्यांच्या मुलाचं घर आहे आणि त्या घराच्या तळघरात मी भाड्यानं राहतो. मुलाला मी दादा म्हणतो, वडिलांना काका. मी नववीतून शाळा सोडलेला, एका डबेवाल्या किचनमध्ये पोळ्या लाटणारा माणूस. या दोघांनी मला घरातलाच मानलं हे आधी सांगून टाकतो, कारण पुढं मी काकांची बरीच थट्टा करणार आहे.

काका अमरावतीकडच्या एका एसटी स्टँडवर गाड्या पुकारायचे. सगळी नोकरी मायक्रोफोनसमोर गेल्यामुळं कुठलीही गोष्ट एकदा सांगून त्यांचं समाधानच होत नसे. "चहात साखर नाही," ते स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून जाहीर करत, जरा थांबत, आणि मागं राहिलेल्या प्रवाशांसाठी पुन्हा म्हणत, "चहात साखर नाही." फिरायला निघताना इस्त्रीचा शर्ट घालत, कारण वाटेत कुठं काय कळवावं लागेल याचा नेम नाही.

अशा माणसाला कुणीतरी गावच्या लायब्ररीतल्या व्याख्यानाला नेलं. पालिकेच्या बाईंनी तिथं सांगितलं की हल्लीचे चोर कुलूप फोडत नाहीत, पालिकेच्या कॉम्प्युटरात शिरतात आणि पाणी, कचरा, सिग्नल सगळं वेठीला धरतात. तेव्हा काही विचित्र दिसलं तर लगेच कळवा. बाकीचे ज्येष्ठ नागरिक बिस्किटं खाऊन घरी गेले. काकांना मात्र ती नेमणूक वाटली. सिग्नल जरा जास्त वेळ हिरवा राहिला, की फोन. बागेतली कारंजी पावसात चालू दिसली, की फोन. "मे बी हॅकिंग. आय रिपीट, मे बी हॅकिंग." कधी पाहिलं, कुठं पाहिलं, कोणाला त्रास होतोय, या क्रमानं सांगून ते शेवटी स्वतःचं पूर्ण नाव सांगत, आणि ते सगळ्यात मोठ्यानं. "सांगणाऱ्याला नाव पाहिजे रे," ते मला म्हणत, "नाहीतर ती नुसती अफवा."

मला हे ऐकूनच घाम फुटे. माझ्या वर्क परमिटचे कागद तेव्हा सरकारकडं अडकलेले. सरकारी इमारत दिसली की मी रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवरून जाई.

शेवटी एकदा काकांनी सिग्नलच्या खांबावर चढलेला एक संशयित माणूस कळवला. तो पालिकेचाच दुरुस्तीवाला निघाला, आणि काकांच्याच आदल्या फोनमुळं तिथं आला होता. दादाच्या कपाळाला हात. "बाबा, यार, इनफ! सिटीला कॉल करणं आता टोटली बंद. प्रॉमिस करा."

"नाही करत," काका म्हणाले. मी दुसऱ्यांदा ऐकायची वाट पाहिली. ते काही बोललेच नाहीत. त्या दिवसापासून ते सगळं एकदाच सांगू लागले, आणि मला घर चुकल्यासारखं वाटू लागलं.

मग सुट्टीचा आठवडा आला. सुट्टी आली की कचऱ्याची गाडी दुसऱ्या वारी येते, आणि डबे बाहेर काढायचं काम माझं. म्हणून मी फोनवर पालिकेचं पान उघडलं. वार दाखवण्याआधी पानानं पासपोर्टचा नंबर मागितला, जन्मतारीख मागितली, व्हिसा मागितला. मला जराही शंका आली नाही. या देशात कागद दाखवल्याशिवाय मी कुठं हललो होतो? मी खाली धावलो आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतला पासपोर्ट घेऊन वर आलो. काका टेबलाशी मटार सोलत होते.

"काऊन रे, कुठं चालला?"

"कुठं नाही काका. कचऱ्याचा वार बघतोय."

"मग पासपोर्ट कशाले? कचरा काय विमानानं जाते?"

माझा हात थांबला. आम्ही गावातल्या मराठी लोकांचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडला. तिथं सकाळपासून गलका चाललेला. 'सावधान!', 'मी पण पाहिलं', 'आमच्या आईंनी भरला नंबर', 'सर्वांना फॉरवर्ड करा', आणि खाली हात जोडलेले. मोठमोठ्या कंपन्यांतले इंजिनिअर, सगळ्यांनी पुण्या-नागपूरपर्यंत कळवलं होतं. "विचार त्यांना," काका म्हणाले, "पालिकेले कोणी सांगितलं?" मी विचारलं. कुणीच सांगितलं नव्हतं. कुणीतरी सांगितलंच असेल, असं प्रत्येकाला वाटलं होतं.

काकांचा हात फोनकडं गेला आणि परत मटारांकडं वळला. "मी शब्द दिला आहे. तू कर."

"काका, माझे कागद अडकलेत. माझं नाव त्यांच्याकडं कशाला?"

"आत्ता कोणाची तरी माय तिथं नंबर भरत असंल," ते हळूच म्हणाले. आणि खुर्ची ओढून अगदी जवळ आले. "फोन करणार नाही म्हणालो होतो. शेजारी बसणार नाही, असं कुठं म्हणालो?"

मी स्पीकरवर फोन लावला. मोडक्या इंग्रजीत कधी, कुठं, कोणाला, सगळं सांगितलं. प्रत्येक वाक्यानंतर काका माझ्या नाकासमोर दोन बोटं धरत, आणि मी तेच पुन्हा म्हणे. मग पलीकडच्या बाईंनी नाव विचारलं. काका माइकपुढं उभे राहावेत तसे ताठ बसले. मी नाव सांगितलं. पूर्ण. दोनदा.

बाई हसल्याच. "तुम्ही त्या आजोबांकडचे का? किती दिवसांत फोन नाही त्यांचा. बरे आहेत ना?"

फोन करणं वेगळं आणि विचारल्यावर उत्तर देणं वेगळं. काका पुढं झुकले. "आय ॲम वेल," म्हणाले, आणि कितीतरी दिवसांनी दुसऱ्यांदा, "आय ॲम वेल!"

मटार सोलून व्हायच्या आत ते पान बंद झालं. बाईंना ही गोष्ट सगळ्यांत आधी आमच्याकडूनच कळली होती. माझ्या कागदांना काहीही झालं नाही. ते यथावकाश आले. संध्याकाळी दादानं सगळं ऐकून घेतलं, बराच वेळ डोकं खाजवलं आणि म्हणाला, "बाबा, फोन तुम्हीच करत जा. हा पण दोनदा बोलायला लागला तर मी वेडा होईन."

व्हिसाची मुदत संपल्यावर काका अमरावतीला परतले. विमानतळावरचं घड्याळ मागं आहे, हे तिथल्या शिपायाला कळवूनच आत गेले. आता तिथली पालिका त्यांचे फोन घेते, आणि व्हिडिओ कॉलवर मला रोजचा अहवाल मिळतो, अर्थातच दोनदा.

परवा आमच्या कोपऱ्यावरचा सिग्नल नुसताच लुकलुकत होता. मी तिथं उभ्याउभ्याच फोन लावला आणि आधी नाव सांगितलं. आवाज त्याच बाईंचा. सगळं लिहून घेऊन त्यांनी विचारलं, "आणि आजोबा?"

"गावी गेले," मी म्हणालो. पलीकडून काहीच आलं नाही. कदाचित ऐकू गेलं नसेल, म्हणून पुन्हा सांगितलं, "गावी गेले."