चाकामागचा ठोकळा

"आक्का गेली गं..." खोपोलीहून आलेल्या शेजारणीनं दारातूनच सांगितलं. दहिवलीच्या आमच्या वेगळ्या बिऱ्हाडी मी भाकरी थापत होते. रडू नंतर आलं. आधी मनात आलं ते अगदीच वेड्यासारखं : आता हिवाळ्यात मोटारीला पोतं कोण बांधणार? तापाचं निमित्त होऊन माझी थोरली जाऊ गेली, त्याला आता काही आठवडे झाले. थंडी पडू लागली आहे आणि तो वेडा प्रश्न अजून माझी पाठ सोडत नाही.

लग्न होऊन मी खोपोलीच्या घरी आले तेव्हा लढाई चालू होती. थोरले भाऊजी भाड्याची मोटार चालवत. घाट चढून खंडाळा, लोणावळा आणि परत. दिवाळी सरली की मोटारीला हिवाळ्यासाठी तयार करायचं काम निघे, आणि त्यातलं निम्मं आक्काच्या हातचं असे. सोडा घातलेल्या पाण्यानं रेडिएटर धुवायचा, हुडाचं फाटलेलं कापड शिवायचं, धुक्यात काचेवर दव धरू नये म्हणून तिच्यावर कापलेला बटाटा घासायचा. पहाटे गार पडलेलं इंजिन हँडल मारूनही दाद देत नसे, म्हणून चुलीवरचं कढत पाणी ओतायचं. मग रेडिएटरच्या तोंडावर गोणपाट बांधायचं, म्हणजे सपाटीवर इंजिनाला ऊब राहते. घाटाच्या पायथ्याशी मात्र ते आठवणीनं सोडायचं, नाहीतर चढावर पाणी उकळलंच म्हणून समजा. एवढं सगळं करणारी ही बाई त्या मोटारीत कधी बसली नव्हती.

आक्काचं माहेर घाटावर, मावळात. कर्जतला जाऊन आगगाडीनं गेली असती तर दुपारच्या जेवणाला आईपाशी पोचली असती. पण घरची मोटार असताना आपल्या बायकोनं आगगाडीच्या डब्यात बसायचं, हे भाऊजींच्या मानात बसत नव्हतं. आणि मोटारीत तर कायम भाड्याची माणसं. उन्हाळ्यात लग्नाची वऱ्हाडं, पावसात घाटाचा भरवसा नाही. दारात मोटार होती म्हणूनच आक्का घरात अडकली होती. मला याचा संताप यायचा. तिला येत नसावा, किंवा येत असेल तर तो ती गोणपाटाच्या गाठीत आवळून टाकत असावी.

वर्षातून एकच फेरी भाड्याविना होई. तयारी झाली की ब्रेक पारखायला भाऊजी भाताची पोती भरून घाट चढत. एका हिवाळ्यात आक्काची आई अंथरुणाला खिळल्याचं कळलं. भाऊजी पोती लादत होते. आक्का पदर खोचून पुढं झाली.

"अवो, वजनच पायजे ना? मंग पुढं पोत्याच्या जागी मला बसवा. वजन कमी पडलं तं मांडीवर एक पोतं द्या."

भाऊजी हसले. त्या घरात मी त्यांना तेवढंच एकदा हसताना पाहिलं. "बस," म्हणाले.

पुढचं आक्कानंच मला सांगितलं. वाटेत दोघं बोलत होते... शेताचं, पावसाचं, तिच्या लहानपणाचं. इतक्या वर्षांत नवरा कधी एवढा बोलला नव्हता. त्या बोलण्याच्या नादात पायथ्याशी गोणपाट सोडायचं राहिलं. अर्ध्या चढावर, एका वळणाशी वाफ उसळली आणि इंजिन बंद पडलं. ब्रेक धरेना, भरलेली मोटार मागं सरकू लागली. आक्कानं उडी टाकून चाकामागं लाकडी ठोकळा सरकवला. रस्ता दवानं ओला, ठोकळा निसटेल म्हणून त्याच्यावर पाय रोवून उभी राहिली. भाऊजी डबा घेऊन झऱ्याकडं गेले. तेवढ्यात एक बैलगाडी वर निघाली. गाडीवान म्हणाला, "येतीस का गं बाय वर?" आक्काच्या माहेराकडची वाट तिथून वरच जात होती. तिनं नुसती नकाराची मान हलवली. "पाय काडला असता तं मोटार दरीत जाती," ती म्हणाली.

पाणी घातलं तरी इंजिन काही धड होईना. भाऊजींनी मोटार कशीबशी वळवून उतारानं घरी आणली. ती दुरुस्त होईपर्यंत आई गेली. भाऊजींनी नवा ठोकळा करून घेतला. जुना आक्कानं स्वयंपाकघरात आणला आणि चुलीपुढं त्याच्यावरच बसू लागली. "हा माझा," मला म्हणाली, "ह्याच्यावर पाय ठिऊन मी आईला घालवली." नंतर तिनं मोटारीत बसायचं नाव काढलं नाही. पोतं मात्र दर हिवाळ्यात तीच बांधत राहिली.

गेल्या आठवड्यात भाऊजींनी आम्हा नवराबायकोला बोलावून घेतलं. थोड्या अस्थी मागं ठेवल्या होत्या, त्या तिच्या माहेरच्या नदीत सोडायच्या होत्या. मोटारीत भाताची पोती भरलेली होती. का, ते आम्ही विचारलं नाही. पुढच्या जागेवर अस्थींचा गडू, आणि खाली आक्काचा ठोकळा. पायथ्याशी भाऊजींनी गोणपाट सोडलं आणि हातात धरून जरा वेळ उभे राहिले. मोटार छान चढत होती. त्या वळणावर मात्र त्यांनी ती थांबवली. रस्ता दवानं ओलाच होता.

"ठोकळा लाव."

हे उठायच्या आत मीच उतरले. ठोकळा लावला, पाय रोवला. भाऊजींनी इंजिन बंद केलं, गिअर काढून ब्रेक सोडला आणि खाली उतरून चाकाकडं बघत राहिले.

"आता पाय काढ गं."

"भाऊजी, नको..."

"काढ."

मी पाय काढला. मोटार तसूभरही हलली नाही.

वर जाऊन अस्थी नदीत सोडल्या. परत येताना भाऊजींनी ठोकळा माझ्या पायाशी ठेवला. "तुझ्याकडं ने. मला घरात बघवायचा नाय," म्हणाले. त्या दिवशी ओझं जास्त असेल, चढ तिथंच जरा उभा असेल, असं मी स्वतःला समजावते. ठोकळा माझ्या चुलीपुढं आहे. मी खाली जमिनीवर बसते.