कस्तुरीची पकड

उत्कर्षा आंघोळ करून, वेणी घालून, एप्रन मांडीवर घेऊन होस्टेलच्या कॉटवर बसली आहे. प्रॅक्टिकलची परीक्षा अकराला आणि आत्ता कुठे उजाडतंय. इतक्या लवकर नटूनथटून बसायचं काही कारण नाही, पण बाईसाहेबांना स्वस्थ बसवतं कुठे? आणि गंमत म्हणजे परीक्षेला जायचं की नाही हेच अजून ठरलेलं नाही. पाय सारखा हलतोय. जरा भिंतीला टेकू म्हणून ती टेकते, जरा डोळे मिटू म्हणून मिटते.

खाली नळाला कुणीतरी बादली लावली आहे. पाणी आधी धो धो पडतं, मग नळाचा जोर कमी होतो, मग नुसतं थेंब थेंब. पुढचा थेंब बादलीत पडत नाही, काचेच्या फ्लास्कमध्ये पडतो.

ती लॅबमध्ये उभी आहे. डावा हात ब्युरेटच्या, त्या उभ्या मापाच्या काचनळीच्या, तोटीवर, उजव्या हातात फ्लास्क. वर ब्युरेटमध्ये सिल्व्हर नायट्रेट, खाली पिवळं पाणी, त्यात दह्यासारखा पांढरा साका धरू लागलेला. पिवळ्यावर तांबूस झाक आली आणि हलवूनही गेली नाही, की तिथेच थांबायचं. त्यापुढे गेलं की सगळं ओतून टाकायचं आणि पहिल्यापासून सुरुवात. आठवडाभर सरावात तिचं रोज हेच होतंय. हात थांबतच नाही, आणि बघता बघता फ्लास्क विटकरी लाल. आज असंच झालं तर वर्ष गेलं. वर्ष गेलं तर घरचे पुन्हा शिकायला पाठवणार नाहीत, हे तिला कुणी सांगायला नको.

"केलास व्हय पांढऱ्याचा तांबडा रस्सा?"

डाव्या अंगाला कस्तुरी उभी आहे. कस्तुरी खाडे, गडहिंग्लजची, तिची लॅबमधली जोडीदार. एम.एस्सी.ला आल्यापासून दोघी एकाच टेबलावर. कस्तुरी कबड्डी खेळायची. हात हा एवढा मोठा, आणि जिल्ह्याच्या सामन्यात मोडलेली डावी करंगळी वाकडी जुळलेली. हातमोजे घालायची तिला लाज वाटायची. सिल्व्हर नायट्रेट बोटाला लागलं की आधी काहीच दिसत नाही, उजेडात गेलं की काळं पडतं. त्यामुळे कस्तुरीबाईंची बोटं कायम काळी. टायट्रेशन, म्हणजे हे थेंब थेंब सोडणं, चालू असलं की ही डाव्या बाजूने उत्कर्षाचं मनगट धरून उभी राहायची, आणि वेळ आली की दाबायची.

दिवाळीला ती ताप घेऊन घरी गेली. डेंग्यू निघाला. इकडे फोन आला तोवर सगळं आटपलेलं होतं. उत्कर्षाने तिला ना आजारी पाहिलं, ना नंतर. त्यामुळे तिच्या लेखी कस्तुरी अजून गावालाच गेलेली आहे, आणि ती परत येत नाही म्हणून उत्कर्षाला तिचा रागच आलेला आहे.

"तू गेलीस ना?" ती विचारते.

"गेलो की." मुलगी असून 'गेलो, आलो' करायची तिची गावाकडची सवय अजून तशीच आहे. "पण फ्लास्क किती नाचवतीस गं. उलटी व्हायची त्याला."

लॅबचं टेबल आता मेसचं टेबल आहे. ताटात भात, आणि भाताशेजारी ब्युरेट, आणि ब्युरेट गळतेय. उत्कर्षा तोटी बंद करते, दुसरी गळू लागते. ती टेबलाच्या कडेकडेने धावते, एकेक तोटी बंद करत. टेबल जिथे संपतं तिथे गडहिंग्लजचा एसटी स्टँड आहे. ती तिथे कधी गेलेली नाही, पण हा तोच. पंखे असतात तिथे छताला ब्युरेट टांगलेल्या आहेत आणि खाली बायका पिशव्या मांडीवर घेऊन भिजत बसल्या आहेत. एक गाडी इंजिन चालू ठेवून थरथरते आहे. कस्तुरीचा एक पाय गाडीच्या पायरीवर.

उत्कर्षा घाईघाईने बोलत सुटते. आज परीक्षा आहे, मी जाणार नाही, मला थांबताच येत नाही, तू होतीस तोवर तू थांबवायचीस, आता कोण थांबवणार. आणि तू सांगून तरी जायचं होतंस. हे शेवटचं तिला बोलायचं नसतं, पण तोंडून निघून जातं.

कस्तुरी हसत नाही. पायरीवरून उतरते. तिची बोटं ओली आहेत.

"मी कवा थांबवलंय तुला?"

"मनगट दाबायचीस की."

"तुझा हात आधी थांबायचा. मग मी दाबायचो."

"मग धरायचीस कशाला?"

कंडक्टर घंटी वाजवतो. कस्तुरी गाडीकडे बघते, मग हिच्याकडे.

"मला भ्या वाटायचं गं," ती म्हणते. "एवढी ती लॅब, सहा सहा तास उभं राहायचं, चुकलं की सगळ्यांदेखत बोलणी. धरायला कायतरी पाहिजे की."

मॅटवर भल्याभल्यांना लोळवणारी ही पोरगी. उत्कर्षाच्या हातात पुन्हा तोटी आहे, फ्लास्क आहे, आणि कस्तुरीचा ओला हात तिच्या मनगटाभोवती, पूर्वीसारखा घट्ट. थेंब पडतो. तांबूस झाक येते, हलवल्यावर जाते. आणखी एक. झाक येते. उत्कर्षाचा हात थांबतो.

त्यानंतर मनगट दाबलं जातं.

"बघ," कस्तुरी म्हणते. "जाऊ मी?"

खाली बादली भरून वाहते आहे आणि कुणीतरी ओरडतंय, कुणाची आहे म्हणून. उत्कर्षा दचकून डोळे उघडते. मान अवघडली आहे. खिडकीतून ऊन आत आलंय, पण कॉटवर अजून पोचलेलं नाही. डावं मनगट गार लागतंय. ती उलटसुलट करून बघते, तिथे काहीच नाही. स्वप्नच ते, दुसरं काय असणार, असं म्हणून ती खिडकीशी केस सारखे करायला जाते.

उन्हात मनगट हळूहळू काळपट होत जातं. आधी अंगठा उमटतो, मग बोटं. काल सरावात आपलाच हात लागला असेल, असं ती स्वतःला बजावते आणि उजव्या हाताने मनगट धरून बघते. तिची बोटं त्या खुणांच्या टोकापर्यंत पोचत नाहीत. उमटलेल्या बोटांतली तीन सरळ आहेत. शेवटचं मध्येच बाहेर वळलंय.

उत्कर्षा खिडकीला धरून रडते. दिवाळीपासून पहिल्यांदाच, आणि चांगली हुंदके देऊन.

मग तोंड धुते. मनगटाला पाणी लागू देत नाही. एप्रन घालते, डावी बाही कोपरापर्यंत दुमडते, आणि खोलीला कुलूप लावून लॅबकडे निघते.