पेडगावच्या तळ्यातली बोट

आमचा शेजारी परभणीजवळच्या पेडगावात बसून समुद्रातल्या तेलविहिरींना सामान नेणाऱ्या बोटींवर लॅपटॉपवरून नजर ठेवतो. समुद्र काही त्यानं पाहिलेला नाही. पण आमच्याकडं जेवायला बसला की अर्धी भाकरी टाकून उठणार, "थांबा, बोट निघायलीय!"

बोटीचा ठावठिकाणा सांगणारं नवं यंत्र पाण्यात टिकतं का, हे बघायला कंपनीनं ते त्याच्याकडं पाठवलं. यानं ते म्हशीच्या गळ्यात बांधलं.

दुपारी आम्ही दोघं तळ्याकाठी असताना त्याला मुंबईच्या साहेबांचा फोन आला. "बोट परभणीत कशी गेली? आणि हलत का नाही?"

याची नोकरी गेली, असं मी धरूनच चाललो.

"साहेब, म्हैस हाय. पाण्यात बसलीय, उठंना."

नोकरी राहिली. आता रोज संध्याकाळी साहेब बोटींच्या आधी विचारतात, "म्हैस किनाऱ्याला लागली का?"