सवतीच्या लेकीची न्याहारी

मनुबाई लग्न होऊन कृष्णाकाठच्या त्या घरात आली, तेव्हा मंगळसूत्राबरोबर तिच्या गळ्यात चांदीचा एक टाक बांधला गेला. टाकावर बाईची आकृती ठोकलेली होती. ती तिची सवत, शालूबाई. बाळंतपणानंतर झिजत झिजत गेलेली. रोज सकाळी आधी टाकाला घास दाखवायचा, मगच आपण खायचं, असं सासूनं, अंबूबाईनं, पहिल्याच दिवशी बजावलं. नवरा लालासाहेब पलटणीत. लढाईचे दिवस होते. अंगाची हळद निघायच्या आत तो निघून गेला. घरात उरल्या सासू, सून आणि शालूबाईची चारेक वर्षांची पोर, बनू.

पोरीची पार दशा झाली होती. हातापायाच्या काटक्या, पोट तेवढं नगाऱ्यासारखं, केस पिंगट आणि विरळ. डोळे मात्र मोठ्या बाईचे. समोरच्याकडे न बघता ती त्याच्या खांद्यामागं बघत राहायची.

घरच्या मळ्यात खपली गहू पिकायचा. अंबूबाई रोज सकाळी त्याची हुग्गी करायची; दूध-गूळ घालून रटारटा शिजवलेली दाट खीर. नातीला मांडीवर घेऊन स्वतः भरवायची. "खा गं माझ्या लेकरा, अंगात ताकद याया पायजे." वाटी रिकामी व्हायची. दुपारपर्यंत पोर पोट धरून परसाकडे धावायला लागायची. रोज वाटी रिकामी होत होती आणि रोज पोर हलकी होत होती.

गावानं दोन अर्थ काढले. काहीजण म्हणाले, सावत्र आई काहीतरी घालतीय; घाटावर मनुबाई आली की बायका घागरी उचलून बाजूला सरकायच्या. बाकीचे म्हणाले, शालूच पोरीच्या तोंडचं खातीय. अंबूबाईला दोन्ही खरं वाटायचं. तिनं देवऋष्याकडून अंगारा आणला आणि सुनेवर नजर ठेवली.

एका सकाळी सासू मळ्यात गेली होती, म्हणून मनुबाई वाटी घेऊन बसली. बनूनं तोंड मिटून घेतलं आणि नेहमीसारखी मनुबाईच्या मागं बघत म्हणाली, "ती नगं म्हणती."

"कोण गं?"

"आई."

मनुबाईनं वळून पाहिलं. मागं नुसती भिंत आणि खुंटीला टांगलेलं सूप. वारा नव्हता, तरी सूप हळूहळू हलत होतं. अंगणात चक्क ऊन होतं, कोंबड्या माती उकरत होत्या. मनुबाईनं वाटी खाली ठेवली.

टाकाला दाखवलेला घास ती कावळ्यांसाठी अंगणाच्या दगडी गडग्यावर ठेवायची. त्या दिवशीची हुग्गी संध्याकाळपर्यंत तशीच राहिली. मुंग्यासुद्धा तिला वळसा घालून गेल्या. दुसऱ्या दिवशी तिनं जोंधळ्याच्या भाकरीचा तुकडा ठेवला. पाठ वळते न वळते तोच तो नाहीसा झाला. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगणार तरी कुणाला?

नागपंचमीला मनुबाईचा भाऊ दादासो तिला माहेरी न्यायला शिराळ्याकडच्या डोंगरातून गाडी घेऊन आला. बनू तिच्या पदराला अशी चिकटली की सुटेना. शेवटी अंबूबाई म्हणाली, "ने बाई. नदीपल्याड तरी शालूचा पाठलाग सुटंल."

माहेरी गहू सणासुदीलासुद्धा मिळायची मारामार. मनुबाईची आई सकाळी नाचणीची आंबील ढवळायची, वर ताक आणि मिठाचा खडा. कधी जोंधळ्याच्या लाह्यांचं पीठ दूध-गुळात कालवायची, कधी तांदळाच्या पिठाची पातळ घावनं घालायची. बनूनं पहिल्या दिवशी भीत भीत बोट बुडवून चाखलं. मग वाटी तोंडाला लावली. थोड्याच दिवसांत पोट सैल पडलं, झोप लागायला लागली, आणि पोरीचं कुणाच्या मागं बघणं थांबलं. मनुबाई गौरी-गणपतीपर्यंत राहिली. एका सकाळी परड्यातून हसण्याचा आवाज आला आणि कुणाचं पोर म्हणून ती बघायला गेली. बनूच होती. हे हसणं तिनं आजवर ऐकलंच नव्हतं.

परत आल्यावर अंबूबाईनं नातीची दृष्ट काढली, डोळे पुसले आणि आनंदानं दुसऱ्याच सकाळी हुग्गी केली. महिन्याभरात पोर होती तशी झाली. पुन्हा नगारा, पुन्हा काटक्या. पुन्हा नजर खांद्यामागं.

मनुबाईनं धीर केला. "आत्याबाई, माझ्या आईच्यात गहू नव्हता. मला वाटतंय, हे गव्हानंच होतंय."

"गव्हानं कवा कोण आजारी पडलंय व्हय?" अंबूबाई कडाडली. "माझ्या नातीला कदान्नावर ठेवतीस? सावत्र ती सावत्रच!"

तिनं बनूला ओढून मांडीवर घेतलं, गाल दाबले आणि घास पुढं केला. पोर पाय झाडत होती. मग एकाएकी शांत झाली. अंग ताठ, डोळे सासूच्या डोळ्यांत. आणि पोरीच्या तोंडून थकलेल्या, बाईमाणसाच्या आवाजात शब्द आले :

"आत्ती, नगं. पोटात लय आग पडलीया. आंबील द्या."

घास खाली पडला.

त्या घरात अंबूबाईला 'आत्ती' म्हणणारं कुणी नव्हतं. बनू 'आज्जी' म्हणायची, मनुबाई 'आत्याबाई'. शालू तिच्या सख्ख्या भावाची लेक. सून झाल्यावरही ती आत्ती म्हणायची. ती गेली तेव्हा बनू अंगावर पीत होती.

अंबूबाईचा चेहरा राखेसारखा झाला. ती पुटपुटली, "बाळंतपणात हुग्गी भरवली की शालू ह्येच म्हणायची. अगदी आसंच." मग तिनं पदर तोंडात कोंबला.

बनू मांडीवरून उतरली आणि झोपेतून उठल्यासारखे डोळे चोळत मनुबाईकडे आली. "भूक लागली," ती म्हणाली. आपल्याच आवाजात.

त्या दिवशी मनुबाईनं गव्हाची कणगी गोठ्यापलीकडच्या खोपटात हलवली. जातं घासून धुतलं, कारण जात्यात राहिलेल्या चिमूटभर पिठानंही पोरीचं पोट दुखायचं, हे तिच्या ध्यानात आलं होतं. सकाळी आंबील, कधी भाकरीचा कुस्करा दुधात, कधी वरीचा मऊ भात तूप घालून, कधी मुगाचं धिरडं. अवघड काहीच नव्हतं. अंबूबाई आता पहाटे स्वतः उठून आंबील ढवळायची, गुठळी राहिली तर जिवाला लावून घ्यायची. पण चुलीकडं पाठ करून बसायला ती भ्यायची.

बनूच्या हातापायांवर मांस आलं तशा घाटावरच्या बायका सरकायच्या थांबल्या. एकदोघी आपली किडकिडी पोरं घेऊन दारात आल्या. मनुबाईनं त्यांनाही आंबील पाजली. कुणाला गुण आला, कुणाला नाही. "मला काय कळतंय?" ती म्हणायची. "मी सांगितलं तवा कुणी ऐकलं न्हाई. ऐकलं ते बनूच्या आईचं."

लढाई संपली आणि लालासाहेब एका सकाळी पिशवी खांद्यावर टाकून दारात उभा राहिला. बनूनं त्याला ओळखलं नाही. त्यानं पिशवीतून बिस्किटांचा डबा काढला आणि एक बिस्कीट तिच्यापुढं धरलं. मनुबाई उठायच्या आत अंबूबाईच ओरडली, "लाला, ठेव खाली ते!"

मग त्याला सगळं सांगावं लागलं. तो ऐकत राहिला. हसावं की काय करावं, त्याला कळेना. शेवटी लेकीसमोर उकिडवा बसून त्यानं हलक्या आवाजात विचारलं, "बने, आई दिसती व्हय गं तुला?"

मनुबाई चुलीपाशी घावनं घालत होती आणि बनू आपल्या घावनाला लोणी फासत होती. तिनं मान वर केली. "कोण आई? ही काय, चुलीपाशी हाय की."

लालासाहेबानं बिस्किटांच्या डब्याचं झाकण लावलं. मनुबाईला हायसं वाटलं. आणि त्याच क्षणी घरातून कुणीतरी उठून गेल्यासारखी खोली मोठी आणि रिकामी वाटली. तव्यावरचं घावन करपायला लागलं होतं. तिनं ते सोडवून बाजूला ठेवलं आणि नवऱ्यासाठी दुसरं घातलं.